चौथा चरण

बुवांनी अभंगाचे तीन चरण म्हणायचे आणि चौथा टाळकऱ्यांनी झेलायचा, ही त्या गावच्या कीर्तनाची रीत. लालासाहेब आबा फौजेतून हवालदार होऊन पेन्शनीत आले आणि आल्या एकादशीलाच बुवांच्या मागं टाळ घेऊन उभे राहिले, ते आजपावेतो. बुवांचा तिसरा चरण अजून ओठांवर असतानाच आबांचा घोगरा आवाज देवळाच्या कळसाला जाऊन भिडायचा. कुणी थट्टा केली तर म्हणायचे, “देवाचं नाव हाय गड्या. भुईवर पडू दिऊन कसं चालंल?”

अशा आबांकडं त्यांची नात क्रांती कविता पाठ करायला बसली.

निमित्त मोठं होतं. साताऱ्याला जुन्या कवितांच्या पाठांतराची स्पर्धा होती आणि पहिले दोघं पुढं सांगलीला जाणार होते. वडूजपलीकडच्या त्यांच्या गावच्या शाळेतून आजवर साताऱ्यापर्यंतसुद्धा कुणी गेलं नव्हतं. पाचवीतली क्रांती तर सांगलीचं नाव ऐकल्यापासून जमिनीवर नव्हतीच. कृष्णेचा घाट बघायचा, गणपतीचं देऊळ बघायचं, असं ती शेरडांना चारा घालतानाही घोकत होती.

कविता आबांनीच काढून दिली. देवळातल्या जुन्या पोथीत हत्ती आणि मगरीचं एकवीस कडव्यांचं आख्यान होतं. कवीचं नाव होतं ते पान उंदरांनी कधीच खाल्लं होतं, पण कविता शाबूत होती. सकाळी आबा म्हशीखाली धार काढायला बसले की क्रांती दावणीला टेकून सुरू करायची:

“तहानेला हत्ती, उतरला डोही, पाण्याखाली काही...”

“हालले तें!” चरवीतनं आबांचा आवाज यायचा, आणि म्हैस कान टवकारायची.

“आबा, आता मगर.”

“येऊ दी तिला, बगतो!”

“मगरीने पाय, धरिला दातांत, ओढी खोल आंत...”

“सोडवेना!”

दूध निघेपर्यंत एकवीस कडवी व्हायची. महिनाभर हाच नेम. शाळेतही तेच. उमा बाई मूळच्या वाईच्या, गावात नव्या. त्यांनी क्रांतीला वर्गापुढं उभं केलं की तिच्या तीन चरणांवर चाळीस पोरं एका दमात चौथा उचलायची. एकादशीच्या कीर्तनात मांडी घालून बसणारी पोरं ती, त्यांना काय शिकवायचं! बाई खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायच्या. “अगं, काय सुरेख पद्धत आहे तुमच्याकडे! मी तर शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकतच राहिले!”

एवढ्या गजरात एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. महिनाभरात चौथा चरण क्रांतीच्या तोंडून एकदाही निघाला नव्हता.

साताऱ्याच्या सभागृहात तिसऱ्या रांगेत आबा पांढराशुभ्र फेटा बांधून बसले होते. शेजारी उमा बाई हातातला रुमाल पिळत होत्या. सुरुवातीलाच मुख्य परीक्षक गोपाळकृष्ण सरांनी बजावलं होतं, “प्रेक्षकांतून एक शब्द जरी आला, तरी त्या मुलाचं नाव बाद.” आणि ती काही पोकळ धमकी नव्हती. साईराज नावाचा एक गुणी पोरगा दुसऱ्या कडव्यात अडखळला, त्याच्या आईनं मागून हळूच शब्द पुरवला, आणि सरांनी तिथल्या तिथं त्याला खाली उतरवलं. माउली रडायलाच लागली.

“बरूबर हाय,” आबा बाईंच्या कानाला लागले. “शिस्त म्हंजी शिस्त. फौजेत असंच असतंय.”

“क्रांती...” नाव पुकारलं गेलं. हिरवं परकर-पोलकं, दोन वेण्या. पोरगी ताठ उभी राहिली, हात जोडले. आबांचं काळीज सुपाएवढं झालं.

“तहानेला हत्ती,” खणखणीत आवाज शेवटच्या भिंतीवर आपटून आला. “उतरला डोही! पाण्याखाली काही...”

आणि ती थांबली.

आबांच्या गळ्यातून शब्द वर आलाच होता. जिभेवर आला. त्याच क्षणी त्यांना साईराजची आई आठवली आणि त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबलं. क्रांती त्यांच्याकडं बघत होती. वाट बघत होती. रोज म्हशीखालनं येणारा शब्द आज का येत नाही, हेच तिला उमगेना.

मग आबांना सगळं एकदम उमगलं. ‘अरं लाल्या! पोरीला आर्धीच कविता शिकवलीस की रं! पांडुरंगा, चूक माजी हाय, तिच्या पदरात घालू नगंस.’

गोपाळकृष्ण सरांनी चष्म्यावरून वर पाहिलं. लेखणी कागदावर टेकवली. बाईंनी डोळे मिटून घेतले. आबांच्या ओठांमागं ‘हालले तें’ नुसतं धडका मारत होतं. एक शब्द, आणि सांगली संपली. शब्द दिला नाही, तरी संपल्यातच जमा.

क्रांतीनं आबांचे तोंडावर दाबलेले हात पाहिले. तिच्या भुवया वर गेल्या. आबा काही आज म्हणायचे नाहीत, हे तिला कळलं. तिनं क्षणभर खाली पाहिलं, आणि एक पाऊल मागं सरली. कंबरेत थोडी वाकली, हातात टाळ असल्यासारखे पंजे एकमेकांवर मारले, मान तिरपी केली, आणि तिच्या त्या चिमण्या गळ्यातून घोगरा, फाटका, थेट साठीपलीकडचा आवाज निघाला:

“हालले तें!”

सभागृह खदखदून हसलं. पोरगी पुन्हा एक पाऊल पुढं आली, ताठ झाली. “मगरीने पाय, धरिला दातांत, ओढी खोल आंत...” मागं सरली, वाकली, “सोडवेना!”

“बाई, ही माजी नक्कल करती!” आबा बोटांच्या फटीतून पुटपुटले.

“गप्प बसा हो आबा,” बाई हसत, डोळे पुसत म्हणाल्या. “बाद व्हायचंय का?”

आता कुठली थांबते ती! पुढं आली की बुवा, मागं गेली की आबा. महिनाभर ऐकलेला शब्द न् शब्द तिच्या कानात होताच, फक्त तोंडात आला नव्हता. डोहातलं पाणी ढवळलं, कमळं फाटली, हत्तीचं बळ सरत आलं, तसतसे लोक खुर्चीत पुढं सरकू लागले. हसू विरलं. विसाव्या कडव्याला कोपऱ्यातले दोन म्हातारे हात जोडून बसले होते.

शेवटचं कडवं आलं.

“सोंडेतले फूल, वर उचलिले, नाम उच्चारिले...”

या वेळी क्रांती मागं सरली नाही. वाकली नाही. डोळे भरून आलेले, हात वर तसाच, आणि आपल्या स्वतःच्या, कोवळ्या, किंचित कापऱ्या आवाजात ती म्हणाली, “देव आला.”

चौतीस वर्षांत आबांना पहिल्यांदाच चौथा चरण झेलावासा वाटला नाही. तोंडावरचे हात कधी खाली आले आणि कधी जोडले गेले, त्यांना कळलंही नाही. माणसं उठून टाळ्या वाजवत होती.

निकालाला तासभर लागला. तेवढ्या वेळात आबांनी चार चहा घेतले आणि एकही प्यायले नाहीत. गोपाळकृष्ण सरांनी तिला मंचावर बोलावून विचारलं, “बाळ, हे दोन आवाजांत म्हणायचं कुणी शिकवलं?”

“कुणी न्हाई, सर. आबा म्हणंनात, मग मीच म्हणलं.”

सर खळखळून हसले. मग कागद उचलून त्यांनी निकाल वाचला: साताऱ्याचीच एक मुलगी पहिली, क्रांती दुसरी. दोघीही सांगलीला!

क्रांती पायऱ्या न उतरता मंचावरून थेट उडीच मारून आली आणि आबांच्या गळ्यात पडली. आबा फेट्याच्या शेमल्यानं डोळे टिपत म्हणाले, “पोरी, आता मी काय न्हाई बोलणार बग. धार काडतानाबी न्हाई. सगळी कविता तूच म्हण.”

“आवं आसं कसं?” क्रांती त्यांना दाराकडं ओढत म्हणाली. “सांगलीला नवी कविता लागंल. तिचे पैले तीन चरण मी म्हणती, चौथाबी मीच म्हणती, आन् मग सगळं झालं की शेवटचा चौथा तुमी परत म्हणायचा. लय मोठ्यांदा. चला की बिगी बिगी, पोथी उघडाय पायजे!”