पट्ट्याखालची गाठ

मित्रांनो, मी एक जुनं इम्प्लांट आहे. सिलिकॉनची मऊ पिशवी म्हणा. कर्करोगामुळे एका बसचालक बाईंचा स्तन काढावा लागला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याच्या जागी मला बसवलं.

कारखान्यात मला दाबून, ताणून, उजेडात धरून तपासलं होतं. तरी घरात पहिल्या दिवसापासून माझ्यावर संशय. बाईंची नणंद म्हणायची, "वहिनी, परकी वस्तू ती. आज ना उद्या रंग दाखवणारच." बाई हसून बस काढायला निघायच्या. आरशात गणवेश नीट बसलेला दिसला की म्हणायच्या, "छान जमलंय." तेवढ्या कौतुकावर मी बरीच वर्षं काढली. पुढे त्या मला विसरल्या. माझा स्वभाव मात्र संशयीच झाला. ज्याच्याकडे सगळे तिरप्या नजरेने पाहतात, तो दुसरं काय शिकणार?

एके दिवशी माझ्या आणि त्यांच्या कातडीच्या मध्ये कुणीतरी येऊन बसलं. वाटाण्याएवढं, कठीण, गप्प. हा पाहुणा मला मुळीच आवडला नाही. बाईंचं बोट तिथे अडलं. "सीटबेल्ट घासतोय मेला," असं म्हणून त्यांनी पट्ट्याला टॉवेलचा तुकडा गुंडाळला. पाहुणा वाढत राहिला. मला तोंड नाही, सांगणार कसं?

अखेर एकदा बसमध्ये चढलेल्या नणंदेला तो टॉवेल दिसला आणि बाईंना हाताला काय लागतंय ते सांगावं लागलं. "बघ, मी म्हणत नव्हते? ती पिशवीच सरकली असणार. चल, काढूनच टाकू." माझी तक्रार करायला तिने बाईंना ओढतच दवाखान्यात नेलं. आयुष्यात पहिल्यांदा मला तिचा संशय गोड लागला.

डॉक्टरीणबाईंनी चाचपून पाहिलं. "इम्प्लांट जागेवर आहे. ही गाठ त्याची नाही." तपासणीत पुन्हा कर्करोगच निघाला. लहान होता, वेळेत सापडला. पण पुढच्या उपचारांसाठी गाठीबरोबर मलाही काढावं लागणार होतं.

नणंद हळूच म्हणाली, "ते राहू देता नाही का येणार? त्याने काही केलं नाही हो."

उद्या मला काढतील. मित्रांनो, तुमच्या आईला, मावशीला, आत्याला छाती चाचपताना हाताला काही नवं लागलं, तर माझ्यावर खुशाल संशय घ्या. पण तो घेऊन घरी बसू नका, त्यांना डॉक्टरांकडे न्या. चुकीच्या संशयाने माणूस वाचलेला मी पाहिला आहे. सोयीच्या समजुतीने वाचलेला अजून पाहिला नाही.