क्लचची काठी
माझा मेहुणा क्लेमंट कॅनडाला गेला तेव्हा आपली दोन सीटांची लाल स्पोर्ट्स कार आमच्या इंग्लंडमधल्या श्रॉपशरच्या गोठ्यात ठेवून गेला. एकतीस वर्षांनी तो परतला तो नातीच्या लग्नासाठी. शनिवारी तिला याच गाडीतून चर्चला न्यायचं वचन तो देऊन बसला होता.

तीन आठवडे आम्ही दोघे म्हातारे राबलो. कार्ब्युरेटर धुतला, सडलेले पाइप बदलले, आणि बुधवारी इंजिन एकदाचं धडधडलं. पण गिअर काही पडेना. क्लचची प्लेट गंजून चिकटली होती.

"चिकटेल कशी?" क्लेमंट करवादला. "प्लेट सुटी राहावी म्हणून क्लचचं पेडल दाबून ते आणि सीट यांच्यामध्ये काठी अडकवली होती मी. वडिलांनी शिकवलेलं. काठी कुठाय, एनॉक?"

"उंदरांनी नेली असेल."

"हातभर काठी? उंदीर होते की कुत्रे?"

पाना आणतो म्हणून मी बाहेर सटकलो. कोंबड्यांच्या खुराड्याची झडप त्याच काठीच्या टेकूवर उघडी होती. गाडीत कचरा कशाला, म्हणून पहिल्याच हिवाळ्यात मी ती काढली होती.

काठी ओढली तशी झडप आदळली आणि कोंबड्यांनी गिल्ला केला. वळून बघतो तर क्लेमंट मागेच उभा.

त्याने काठी माझ्या हातातून काढून घेतली.

"चहा टाक," तो म्हणाला, "आणि ती प्लेट सुटी करायची तर इंजिन बाहेर काढायला ये. शुक्रवारपर्यंत परत बसलं नाही, तर नवरीला पाठीवर घेऊन तू जायचंस."