सतरावी जागा

घर विकून लेकीकडे जायचं, एवढी एकच इच्छा शिक्षिकाबाईंची उरली होती. दोन वर्षं ट्रंक भरून खाटेखाली ठेवलेली. मधूनच एखादी साडी नेसायला त्यातून बाहेर यायची आणि धुऊन परत आत जायची. तेवढाच काय तो ट्रंकेचा प्रवास.

अखेर गिऱ्हाईक आलं. विमा कंपनीतून निवृत्त झालेले साहेब. जन्मभर लोकांना संकटांची भीती घालता घालता ती त्यांना स्वतःलाच लागली होती. जग कोलमडेल त्या दिवशी बायकापोरांना घेऊन कुठे तग धरायचा, यासाठी त्यांनी समुद्रकाठचा हा अख्खा जिल्हा पालथा घातला होता. सोळा जागा नापास झाल्या होत्या. ही सतरावी. हातात गुणपत्रिका, पास व्हायला शंभरात ऐंशी.

"रस्ता?"

साहेबांच्या मागे उभ्या दलालाने जीभ चावून बाईंना नको नको केलं. पण बाईंनी पोरांना खोटेपणाबद्दल चाळीस वर्षं छड्या मारलेल्या. "एकच. खाडीच्या पुलावरून. मोठ्या भरतीला तोही बुडतो."

दलालाने कपाळाला हात लावला.

"म्हणजे बाहेरचं कुणी येणार नाही!" साहेब खूश. "दहापैकी दहा. शेजार?"

"दोन्ही घरांना कुलूप."

"उत्तम. डॉक्टर?"

"लांब. पण टाके घालते ना मी. परवा स्वतःच्याच पायाला घातले."

साहेबांनी मान वर केली. "ओलं लाकूड पेटवता येतं?"

"एका काडीत."

बाईंना आता चेव चढला. इतकं कौतुकाने कुणी काही विचारलं, त्याला कित्येक वर्षं झाली होती. विहीर खारी झाली तर काय, पीठ वर्षभर कसं टिकवायचं, छप्पर उडालं तर दोरी कुठून बांधायची, सगळं त्यांनी धडाधड सांगून टाकलं.

"एक्क्याण्णव!" साहेब म्हणाले. दलालाने लगेच कराराचा कागद काढला, तसं साहेबांनी त्याला अडवलं. "थांबा. यातले पस्तीस बाईंचे आहेत. त्यांच्याविना घर छप्पन्न. नापास. तेव्हा बाईंनी इथेच राहायचं. मागची खोली त्यांची, अगदी शेवटपर्यंत."

"फर्निचरसकट घर जातंच की हो बाई," दलाल समजुतीने म्हणाला. "तसं समजा."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "थापा मारल्या मी मघाशी! मला कुठे काय येतं? काडी ओढायची म्हटलं तरी बोटं भाजतात. तुम्ही आपलं..."

बोलता बोलता त्या उठल्या. पश्चिमेच्या खिडक्या ओढून घेतल्या, अडसर घातला, आढ्याखाली एका ठरावीक जागी बादली सरकवली, साहेबांचे बूट उंबऱ्यावरून उचलून फळीवर ठेवले, काड्यापेटी डब्यात टाकली आणि परत येऊन बसल्या.

"काय सांगत होते? हां. मला काहीसुद्धा येत नाही."

धाडकन वाऱ्याचा लोट खिडक्यांवर आदळला. मागोमाग पाऊस. बादलीत पहिला थेंब टप्पकन पडला, बरोबर मधोमध.

साहेबांनी शांतपणे एक्क्याण्णव खोडून चौऱ्याण्णव केले.

"निघू या साहेब," दलाल घाईने उठला.

"कुठे निघताय?" बाईंच्या तोंडून गेलंच. "भरती लागली, पूल बुडाला असेल. असला वारा सुटला की सकाळपर्यंत कुणी हलत नाही इथून."

साहेबांचं पेन पुन्हा सरसावलं. बाईंनी ओठ घट्ट मिटले. मग गुडघे टेकून खाटेखालून ट्रंक ओढली आणि पाहुण्यांसाठी वरच्या दोन चादरी बाहेर काढल्या.