अँटेनावरच्या गोधड्या

हौशी रेडिओचं लायसन मिळालं आणि मी गच्चीवर अँटेना बांधली, तेव्हा मायनं एकच अट घातली. तारेवर धुणं वाळत पडेल.

"माय, हिच्यावरून माझा आवाज लडाखपर्यंत जातो."

"आवाज जातो तर जाऊ दे. लुगडं कुठं जायचं नाय, मी चिमटे लावीन."

लायसनच्या परीक्षेत धुण्यावर प्रश्न नव्हता. दोन लोखंडी पाइपांमध्ये ताणलेली तांब्याची तार, वर प्लॅस्टिकचं कव्हर, मधून निघून खिडकीवाटे माझ्या खोलीत येणारी काळी केबल. मी हो म्हणालो. चिकलठाण्यातल्या आमच्या गल्लीत अँटेनावर परकर वाळवणारं घर आमचंच.

सेटवर एक काटा असतो. आपण बोललो की तारेनं किती ताकद बाहेर सोडली आणि किती नाक मुरडून परत पाठवली, ते तो दाखवतो. ओलं धुणं टाकलं की हा काटा सरकतो. टॉवेलला जरासा, सतरंजीला चांगलाच. वर न जाता मी धुणं ओळखायला लागलो. मित्रांमध्ये मिरवायचो.

घट बसायच्या आधी आमच्याकडं घरातली झाडून सगळी पांघरुणं धुतात. त्या रविवारी तारेवर तीन गोधड्या होत्या. त्यातली एक मायच्या मायच्या लुगड्यांची. ती धुताना माय दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. धुणं घालून माय शेजारी द्वारकाबाईंकडं गेली आणि मी दुपारच्या बैठकीला बसलो.

बैठक म्हणजे रेडिओवरच. तिघंच आम्ही. गुलमंडीत पूर्वी कापडाचं दुकान असलेले तात्यासाहेब, दौलताबादचा फारूख आणि मी. बैठक तात्यासाहेब चालवतात. त्यांची शिस्त अशी, की निरोप घेतल्याशिवाय कुणी निघायचं नाही आणि निरोप ते वयानं देणार, मोठ्याला आधी. सर्वात लहान मी, म्हणजे शेवटी. एकदा मी मध्येच सेट बंद केला होता. तात्यासाहेबांनी ते पार नांदेडच्या ऑपरेटरांना सांगितलं.

फारूखच्या घरासमोर किल्ला आहे. त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "बन्सी, किल्ला ढगात गायब झाला रे. पूरा. इकडं लई कडकड सुरू झालीय. तात्यासाहेब, इजाजत द्या, मी वायर काढतो."

"अवश्य निघावं फारूखभाई. अम्मींना आमचा सलाम."

फारूख गेला. माझ्या हेडफोनमध्येही कुणीतरी वाळकं गवत मोडत होतं. वीज डोळ्यांना दिसण्याआधी रेडिओला ऐकू येते. अशा वेळी केबल सेटमधून काढायची, टोक खिडकीबाहेर टाकायचं आणि लांब जाऊन बसायचं. ढग डोक्यावर यायच्या आधी, आल्यावर नाही. हे मला पाठ होतं. दौलताबादेहून आमच्याकडं यायला ढगाला अख्खं शहर ओलांडावं लागतं, पण ढगाला क्रांती चौकात सिग्नल लागत नाही.

"तात्यासाहेब, निघू का?"

"घाई कशाला बन्सीधरराव? असे ढग आम्ही पुष्कळ पाहिले. तर मी काय सांगत होतो..."

ते सूर्यावरच्या डागांबद्दल सांगत होते. गवत मोडायचं थांबून आता फांद्या मोडायला लागल्या. खिडकीबाहेर उजेड हळदीसारखा पिवळा झाला. तरी बोट निरोपाची वाट बघत बटणाशेजारी बसून राहिलं. वीज पडून मेलो तर सुटलो. निरोप न घेता वाचलो तर नांदेड आहेच.

"...आणि डाग वाढले की मग..." तात्यासाहेबांचा आवाज कापल्यासारखा थांबला.

मी बटण दाबलं. "तात्यासाहेब, ऐकू येतंय का?"

काटा जिथं असायला हवा होता तिथं नव्हता. एक गोधडी कमी होती.

वारा असेल म्हणून मी पुन्हा दाबलं. "तात्यासाहेब?"

दोन गोधड्या कमी.

वारा चिमटे काढत नाही. माय द्वारकाबाईंकडं नव्हती. ती गच्चीवर होती, दोन्ही हात तारेवर, आणि मी खालून त्याच तारेत बोलत होतो. माइक हातातून पडला. मी सेट बंद केला. केबलकडं हात गेला होता, पण ती काढायला पेच फिरवावा लागतो आणि तेवढा धीर माझ्याकडं नव्हता. मी जिना चढलो.

पाऊस नव्हता, वाराही नव्हता. ढग इतका खाली, की मी वाकलोच. दोन गोधड्या घडी करून टाकीवर ठेवलेल्या. तिसरी मायनं कवटाळली होती, निम्मी अजून तारेवर. तोंडात चिमटा.

"बंद कर की तुझा तो रेडू," चिमट्याआडून ती म्हणाली. "तार गुणगुणायली. हाताला मुंग्या यायल्यात."

"माय, रेडिओ बंद आहे."

अंबाड्यातून सुटलेले तिचे केस सरळ उभे होते, वर कुणीतरी बोलावल्यासारखे. तार माशीसारखी गुणगुणत होती. माझ्या हातावरची लवही उठली. पुस्तकात हे वाचलं होतं: केस उभे राहिले, म्हणजे वीज इथंच पडणार. बाकी पानांच्या समासात मी विनोद लिहून ठेवले होते, त्या पानावर एकही नव्हता.

"सोड ती! खाली चल!"

"माझ्या मायची हाय. भिजंल."

"ओलीच आहे ती!"

"मग आणखी वली करू व्हय?"

तिला ओढायला हवं होतं. माझे पाय दारातून पुढं जाईनात. खरंच जाईनात, कुणीतरी दुसऱ्याचे लावल्यासारखे. आणि मायनं जन्मात माझं काही ऐकलेलं नाही. ती कुणाचं ऐकते हे मला ठाऊक होतं.

"माय!" मी ओरडलो. "दूध उतू चाललंय!"

तिनं गोधडी सोडली. चिमटा थुंकला. माझ्या बाजूनं ती इतक्या जोरात गेली, की मी तिच्या मागं पडलो.

"लोखंडी कठड्याला हात लावू नको!" आणि तिनं चक्क लावला नाही.

अर्ध्या जिन्यात आम्ही असताना सगळं पांढरं झालं. आवाज मागून आला नाही, सोबतच आला. भिंतीचा गिलावा आमच्यावर सांडला. मग कसलातरी करपट वास.

आम्ही घराच्या मधोमध, भिंतीपासून, नळापासून लांब, फरशीवर उकिडवे बसलो. मायनं माझं मनगट धरलं होतं आणि मी तिचं. माझ्या खोलीतून धुराची बारीक रेघ येत होती. बघायला कुणी उठलं नाही. बाहेर पाऊस कोसळला. वीज अजून पडत होती आणि प्रत्येक वेळी माय डोळे मिटून देवीचं नाव घेत होती. मीही घेतलं. माझा विश्वास नाही, पण त्या वेळी विचारतं कोण?

फोन वाजला. फारूख.

"जिंदा है क्या?"

"आहे. माय पण. तात्यासाहेब?"

"त्यांची फक्त लाईट गेली. विचारायलेत, बन्सी न सांगता कसा गेला म्हणून."

मला हसायला आलं आणि ते काही केल्या थांबेना. मायनं पाठीवर थाप मारली तेव्हा थांबलं.

गडगडाट पार थांबून बराच वेळ गेल्यावर मी वर गेलो. तार नव्हती. तुटली नव्हती, नव्हतीच. दोन्ही पाइपांवर नुसत्या गाठी. गोधडी गच्चीवर साचलेल्या पाण्यात पडलेली, आणि जिथं ती तारेवर दुमडली होती तिथं आडवी काळी रेघ. मायच्या छातीला ती जिथं टेकली होती, त्याच्या वीतभर वर.

गोधडी घेऊन खाली आलो तेव्हा माय ओट्याशी उभी होती. शेगडी रिकामी, कोरडी.

"दूध कुठंय?" मायनं विचारलं.

"फ्रीजमध्ये."

ती रागावेल असं वाटलं. तिनं गोधडी हातात घेतली, रेघेवरून बोट फिरवलं, खाली ठेवली. मग फ्रीजमधून पातेलं काढून शेगडीवर ठेवलं. काडी दोनदा मोडली. तिसरी मी लावली, तीही विझली. शेवटी कसाबसा गॅस पेटला आणि आम्ही दोघं दुधाकडं बघत उभे राहिलो. साय आली, फुगली, काठावर आली. मी गॅसच्या बटणाकडं हात नेला. तिनं तो धरला.

दूध सगळ्या ओट्यावर गेलं, खाली फरशीवर ठिबकायला लागलं.

"झालं आता खरं," माय म्हणाली. हात तिनं सोडला नाही.