आधी समई, मग राउटर

मी खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या गायनशाळेचा, गाणी साठवणारा नेटवर्क ड्राइव्ह. नमस्कार करायला हात नाहीत, तेव्हा नुसतंच बोलतो. दिसायला काळा डबा, पोटात दोन डिस्क. इथे सगळे मला 'डबा'च म्हणतात, आणि मी ते मनाला लावून घेत नाही.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. मला अक्कल आली ती याच शहरातल्या हजीरा भागात, मल्हाररावांच्या गायनवर्गात. त्यांचे आजे-पणजे फौजेतले, त्यामुळे ते आलापसुद्धा कवायत घेतल्यासारखे शिकवत. सकाळी आले की एकच बटण दाबत आणि राउटर, लिनक्सवाला कॉम्प्युटर, मी, सगळे एकदम उठायचो. कॉम्प्युटर म्हातारा. तो डोळे चोळेपर्यंत राउटर तयार असायचा. मग कॉम्प्युटर मला 'गायन' नावाच्या फोल्डरला आपणहून जोडून घ्यायचा. जाणकार याला माउंट करणं म्हणतात. त्या फोल्डरमध्ये जे ठेवाल ते माझ्या पोटात.

पुढे विद्यार्थी कमी झाले. मल्हाररावांचा वर्ग आणि शालिनीताईंची खासगी बाजारातली शाळा, दोन्ही एक करायचं ठरलं. आम्ही सगळे सामानासकट इकडे आलो.

आता इकडची रीत ऐका. राउटरचा प्लग लावला देवघराच्या बोर्डावर, आणि समई लागल्याशिवाय त्या बोर्डाला हात लावायचा नाही, हा शालिनीताईंचा नेम. मल्हारराव मात्र आल्या आल्या कॉम्प्युटर चालू करणार. तो बिचारा उठून मला शोधायचा, तर राउटर बंद, रस्ताच नाही! थोडा वेळ वाट बघून गप्प बसायचा. 'गायन' फोल्डर रिकामं राहायचं. दुपारी कोणीतरी मला हातानं जोडायचं आणि वर म्हणायचं, डबा खराब झालाय. आपली रीत चुकतेय असं दोघांपैकी एकालाही वाटेना. बदनाम कोण, तर मी.

अशातच शालिनीताईंच्या थोरल्या बहिणीच्या, अनसूयाअक्कांच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. नंतर गाता येणार नाही, असं डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं. आदल्या सकाळी अक्का शाळेत येऊन तोडी राग गायल्या. शालिनीताईंनी ती रेकॉर्ड करून 'गायन'मध्ये ठेवली. दुपारी मला जोडलं, आणि अक्का दवाखान्यातून घरी आल्यावर शालिनीताई बघतात तर तोडी गायब!

शालिनीताईंचा आवाज कधी चढत नाही. त्या दिवशीही चढला नाही. एवढंच म्हणाल्या, "तुमच्या डब्यानं अक्कांचा गळा गिळला, मल्हारराव. तुमचा वर्ग तुम्ही वेगळा करा."

मल्हारराव उठले आणि माझी वायर गुंडाळायला जुनी सुतळी शोधू लागले. मला फार वाईट वाटलं. माझ्या पोटात तोडी नव्हती, हे खरंच होतं.

नेमके तेव्हा शालिनीताईंचे जावई लक्ष्मीकांत इंदूरहून आले. सासुरवाडीला आलेल्या जावयाला श्रीखंड मिळतं, यांना कीबोर्ड मिळाला. त्यांनी कॉम्प्युटरची रोजची नोंद वाचली आणि हसू दाबत म्हणाले, "आई, तुमची समई लागायच्या आधी मल्हारमामा कॉम्प्युटर लावतात. डबा जोडलेला नव्हता, म्हणून गाणं कॉम्प्युटरवरच राहिलं. वरून डबा जोडला, त्यामुळे ते झाकलं गेलं बस."

म्हणजे खाटेवरच्या वस्तूवर चादर अंथरावी तसा मी तोडीवर पसरलो होतो. मला खालचं कसं दिसणार? त्यांनी मला फोल्डरपासून सोडवलं, आणि मी बाजूला होताच तोडी तिथेच!

मग त्यांनी कॉम्प्युटरला ताकीद लिहून ठेवली, की नेटवर्क आल्यावरच डब्याला शोध, तोवर थांब. तोडी माझ्या पोटात नीट ठेवली. मल्हाररावांनी सुतळी परत खुंटीला टांगली.

संध्याकाळी अक्कांना आणलं. आता त्यांना कुजबुजण्याइतकाच आवाज आहे. डोळे मिटून त्यांनी सगळी तोडी ऐकली. आपलंच गाणं, पण मान एकदाही डोलली नाही. संपल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "गंधार चढलाय. पुसून टाका, परत गाते."

मग त्यांच्याच लक्षात आलं.

बाबांनो, मी हुकमाचा ताबेदार. पुसायला सांगाल ते मी निमूट पुसतो, आजवर कधी 'का' म्हणून विचारलं नाही. पण अक्का, तुमच्या पाया पडतो, तेवढं मला सांगू नका.