तुल्लिओंची खुर्ची

"या डोंगराखाली कॉफीसुद्धा गार होऊनच पोचते," फुल्वियो पुटपुटला.

ओर्नेल्लाचं लक्ष नव्हतं. ज्या कणाच्या शोधापायी तिची बारा वर्षं बोगद्यातल्या या प्रयोगशाळेत गेली, त्याच्या अकरा खुणा पडद्यावर चमकत होत्या. उद्या त्या जगाला सांगायच्या होत्या.

आपली माणसं फसतात का, हे बघायला प्रमुख तुल्लिओ दरवर्षी गुपचूप नोंदींमध्ये बनावट खुणा मिसळत आणि शेवटी हसत कबूल करत. यंदा कबुलीआधीच ते गेले. त्यांची खुर्ची कुणी हलवली नव्हती, की तो विषयही काढला नव्हता.

"सगळं तपासलंस ना?"

"तीनदा, बाई! आता तरी हस."

"मग तू का हसत नाहीस?"

फुल्वियोने खुर्चीकडे पाहिलं. "कारण मला वाटतं, या खुणा तुल्लिओंनीच घातल्यात. जाण्याआधी."