काळे – मध्यम

कुशाबाईच्या घरात कुठल्याही डब्यात काय आहे ते फक्त कुशाबाईला माहीत होतं. चहाच्या डब्यात लाल मणी, खोकल्याच्या बाटलीत मोती, आणि चहा बघायला जावं तर तो मोत्यांच्या डब्यात. तीस वर्षं ती राजुरीत बायांच्या गळ्यातल्या पोती ओवून देत होती आणि एकदाही चुकली नव्हती.

चुकली तिची सून आरोही. तीही नीटनेटकेपणामुळे.

आरोही ठुशा, चिंचपेट्या बनवून मोबाईलवर विकायची. मोबाईलवरच तिनं एका हिंदी बाईचा मणी मांडून ठेवायचा व्हिडिओ पाहिला आणि घराकडं बघून तिला गलबलून आलं. सासू मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नारायणगावला लेकीकडं गेली तशी आरोही आळेफाट्याच्या हार्डवेअरमधून नट-बोल्टची चोवीस कप्प्यांची पेटी घेऊन आली. दोन दिवस तिनं घरातला मणी न् मणी वेगळा केला. नवरा नवनाथ एकदा डोकावून म्हणाला, "माझा बी एक कप्पा कर. मी कवा सापडत न्हाई म्हनतीस ना." प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी लागली. फडताळाच्या तळाशी दुधाच्या पावडरीचा एक जुना डबा निघाला, त्यात अर्धा किलोभर काळे मणी. आरोहीनं ते 'काळे – मध्यम' मध्ये ओतले, वरून नवीन पाकिटं फोडून टाकली आणि छान हलवून एकजीव केलं. लग्नसराई होती. महिन्याभरात त्या कप्प्यातून सहा मंगळसूत्रं गेली.

कुशाबाई काळा चष्मा लावून परत आली. पेटी पाहिली, मान डोलावली.

"झ्याक झालं. पावडरीचा डबा कुठाय?"

"त्यात मोहरी भरली, आई."

"आन् त्यातलं मणी?"

आरोहीनं कौतुकानं कप्पा ओढून दाखवला. कुशाबाई खाली बसली.

ते मणी विधवांचे होते. नवरा गेला की बाईची पोत तोडतात, सोनं घरात राहतं आणि काळे मणी वाहत्या पाण्यात सोडतात. ते न्यायला घरातलं कुणी धजत नाही, म्हणून आळीतल्या बाया कुशाबाईकडं आणून द्यायच्या. तिचं माहेर डिंभे धरणाजवळ. तिकडं गेली की ती धरणाच्या पाण्यात सोडायची. राजुरीचा कालवा जवळ होता, पण कालव्यात सोडलेलं कुणाच्या तरी कांद्यात जातं. मग करोना आला, एसटी बंद. एसटी सुरू झाली तर संप. संप मिटला तर कुशाबाईचे गुडघे. डब्यात नऊ जणींचे मणी साठले. सगळ्यात खालचे तिचे स्वतःचे होते.

"मी शब्द दिलाय एकेकीला," ती म्हणाली, "का ह्ये दुसऱ्या कुणाच्या गळ्यात जायाचं न्हाईत म्हनून."

दुपारभर ती नव्या डोळ्यानं मणी निवडत बसली. घासलेला जुना, चकचकीत नवा. संध्याकाळपर्यंत चौदा निघाले, त्यातलं एक पपईचं बी होतं. तेव्हा तिनं ताट बाजूला सारलं.

"सहाच्या सहा पोती येऊन मणी पाण्यात सुटस्तवर मी अन्नाला शिवायची न्हाई."

"चहा चालतोय का?" नवनाथनं विचारलं.

"चहा चालतोय."

युक्ती नवनाथनंच काढली. "मोबाईलची कंपनी बॅटरी फुगती म्हनून माल परत मागवती का न्हाई? तसं सांग. तारेत दोष हाय, मानेला खाज येती. फुकट बदलून देतो म्हनावं."

आरोहीचा यावर विश्वास नव्हता, मण्यांवरही नव्हता. ती बारावी सायन्स होती. तरी पहिल्या घरात शिरताना तिचं लक्ष आधी नवऱ्याच्या चपला दारात आहेत का यावर गेलं. होत्या. ती बाई खाज शब्द ऐकताच मान खाजवायला लागली आणि म्हणाली, "तरीच म्हटलं!" दुसरीनं भरपाई म्हणून झुमके मागितले. तिसरीच्या नवऱ्याला आरोहीनं तब्येत इतक्या बारकाईनं विचारली की तिसरी संशयानं बघायला लागली. तीन दिवसांत पाच पोती आल्या आणि पाचही नवरे ठणठणीत निघाले. घरी कुशाबाई चहावर होती.

सहावी साक्षी. पेठच्या अलीकडं वस्तीवर दिलेली, लग्नाला दीड महिना झालेली. आरोही एसटीनं गेली. साक्षीनं दार अर्धंच उघडलं. उन्हाळ्यात अंगावर पूर्ण बाह्यांचं ब्लाऊज. पाणी देताना बाही वर सरकली, तिथं दंडावर हिरवट पट्टा होता. जुना. त्याच्या शेजारी जांभळा, ताजा.

आरोहीनं तारेचं सांगितलं.

"मला खाज येत न्हाई, ताई."

"पुढं येईल."

"येऊ दे की."

आरोहीला दुसरं काही सुचेना. सासू चार दिवस उपाशी होती. तिनं खरं काय ते सांगून टाकलं. डबा, पेटी, चिठ्ठी, सगळं. साक्षीनं पोत मुठीत धरली आणि ऐकून घेतलं.

"म्हंजी नऊ जणींचं?"

"हो."

"नऊच्या नऊ नवरं गेलं?"

"गेल्याशिवाय मणी येत न्हाईत ना, ताई."

"कशानं गेलं?"

आरोहीनं बोटं मोजली. "पाच करोनानं. एक इहिरीत पडून. एक ट्रॅक्टरखाली. एकाला झोपेत अटॅक. आन् माझं सासरं, लिवरनं."

"सगळ्या परकारचं हायत," साक्षी म्हणाली. दुकानात साडी बघावी तशी ती पोतीकडं बघत होती. मग हळूच म्हणाली, "त्यातलं अजून हायत का? ही एकपदरी हाय. दुपदरी करून द्या ना."

आरोही हसणार होती. साक्षी हसत नव्हती.

तेवढ्यात तिचा नवरा अमृत आला. व्यायामाचं अंग, कपाळाला गंध, बोलायला अगदी गोड. "कोन पावणं? दागिनेवाल्या मॅडम! अगं, चहा पाजला का न्हाई?" त्यानं साक्षीच्या गळ्यातली पोत दोन बोटांत धरून आरोहीला दाखवली. "एक नंबर काम हाय तुमचं. मागची एक व्हती ना, जरा वढली का तुटली. ही लई चिवट हाय. चारदा बघितलं."

साक्षी चहा ठेवायला आत गेली. आरोहीनं तो चहा प्याला. तो गोड होता, हे तिला नंतर किळसवाणं वाटत राहिलं.

एसटीत बसून तिनं ठरवलं की घरी एक जुनी पोत दाखवायची आणि सहाही आल्या म्हणायचं. दुसऱ्या दिवशी सासू-सून डिंभ्याला गेल्या. घोडेगावात दीड तास गाडी नव्हती, ती का नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. पाण्याच्या कडेला कुशाबाईनं चोवीस कप्प्यांतला काळा ऐवज, नवा-जुना सगळा, फडक्यात बांधून आणला होता. वर तिनं पोती एकेक करून ठेवल्या. सहावीला हात लावल्याबरोबर ती थांबली.

"ही माझ्या हातची गाठ हाय. दहा वर्सं जुनी. सहावी कुठाय?"

आरोहीनं सांगितलं. पट्ट्यांचं, दुपदरीचं, चारदा ओढून बघितल्याचं. कुशाबाईनं काळा चष्मा काढला आणि पदरानं पुसला. पलीकडं एक कोळी जाळं झाडत होता.

"तुझं सासरं," ती म्हणाली, "लोक म्हनायचं, देवमानूस. चारचौघांत मला अहोजाहो करायचं." तिनं फडकं सोडलं. मणी पाण्यात गेले. मोठा आवाज झाला नाही, मूठभर वाळू टाकल्यावर होतो तेवढाच. "लग्नात माझं मणी कोरं करकरीत व्हतं. तरी त्यो गेलाच, पर एकतीस वर्सं लागली. त्या पोरीला सांगायचंस ना, मण्यांच्या भरवशावर ऱ्हाऊ नको म्हनून."

"मला सुचलं न्हाई, आई."

"लाव फोन."

आरोहीनं लावला. अमृतनं उचलला.

"बोला मॅडम! परत दोष निघाला का?"

"साक्षीताईंना द्या ना जरा."

"ती झोपलीय."

"या टायमाला?"

"दमलीय," अमृत म्हणाला. मागं टीव्हीवर कसलीतरी हिंदी मालिका मोठ्यानं चालू होती. "उठली का सांगतो हां." फोन बंद झाला.

कुशाबाईला सगळं ऐकू गेलं होतं. ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि फाट्यावर उभ्या असलेल्या जीपपाशी गेली. ड्रायव्हर आत पाय पसरून पडला होता.

"पेठंला येतोस का?"

"भरल्याशिवाय गाडी हालत न्हाई, मावशी. दहा शिटं लागत्यात. आन् पेठ लांब, तिकडं स्पेशल करावी लागती."

"मग स्पेशल."

त्यानं दोघींकडं पाहिलं. रिकामं फडकं, एक काळा चष्मा, पाच दिवसांची उपाशी बाई.

"काय, लगीन हाय का कुनाचं?"

"लगीन झालंय," कुशाबाई पुढच्या सीटवर चढत म्हणाली. "पोरगी आणायचीय. चालव."

जीप तिसऱ्या खेपेला सुरू झाली. आरोहीनं पुन्हा फोन लावला. रिंग पूर्ण वाजली. घोडेगाव येईपर्यंत तिनं सतरा वेळा लावला, आणि मंचरपर्यंत मोजायचं सोडून दिलं.